वारशाचा रक्तदाब, शिवारातला ताण

रक्तदाब म्हणजे हृदयाने पुढे ढकललेल्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा जोर. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा तो वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा. दंडाला पट्टा बांधून हा जोर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली रूढ केली. १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावला आणि रक्त पुन्हा वाहू लागताना येणाऱ्या ठोक्यांवरून दोन्ही आकडे कसे ओळखायचे ते दाखवून दिले. आज आपल्याकडे वेगवेगळ्या दिवशी, नीट बसवून मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उच्च रक्तदाबाचे निदान होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के या गटात आढळले. २० वर्षांवरील लोकांचा विचार करणाऱ्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या मोठ्या अहवालात हे प्रमाण ३५.५ टक्के निघाले.

यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत दाब कशाने वाढला याचे एकच एक कारण सापडत नाही. मूत्रपिंडाची धमनी अरुंद होणे, अधिवृक्क ग्रंथीला गाठ येणे अशी नेमकी कारणे थोड्यांतच निघतात. उरलेल्यांसाठी गावोगावी दोन वाक्ये ऐकू येतात. एक, ‘आमच्या घरात सगळ्यांनाच बीपी आहे’. दुसरे, ‘टेन्शन घेतलं म्हणून वाढलं’. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही अर्धवट आहेत. वारसा आणि ताण ही दोन वेगळी कारणे शेजारी-शेजारी उभी नसतात. वारसा शरीराची एक विशिष्ट प्रतिक्रिया ठरवतो आणि दीर्घकाळचा ताण तीच प्रतिक्रिया रोज मागत राहतो. हे समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातील उंद्रीसारखे गाव योग्य आहे. चिखली–खामगाव रस्त्यावरचे, उदयनगर या नावानेही ओळखले जाणारे हे गाव घाटावरच्या कोरडवाहू पट्ट्यात येते. इथे पिढ्या एकाच घरात नांदतात, एकाच चुलीवर जेवतात आणि एकाच पावसाकडे डोळे लावून बसतात. घराण्यातून काय आले आणि परिस्थितीतून काय आले, हे अशा ठिकाणी वरवर पाहून सांगताच येत नाही.

घराण्यातून काय येते

रक्तदाब वंशपरंपरेने येतो का, यावर विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये दोन नामवंत वैद्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. रॉबर्ट प्लॅट यांचे म्हणणे असे की, उच्च रक्तदाब हा एका प्रभावी जनुकाने येणारा वेगळा आजार आहे; ज्याला तो आहे त्याला आहे, ज्याला नाही त्याला नाही. जॉर्ज पिकरिंग म्हणत की, दाब हा उंचीसारखा आहे. कमी, मध्यम, जास्त अशी सलग मांडणी असते, त्यात कुठेही नैसर्गिक रेघ नाही, आणि वारशाने येते ती अनेक छोट्या घटकांची बेरीज. पुढच्या संशोधनाने कौल पिकरिंग यांच्या बाजूने दिला. १४०/९० ही रेघ औषध कधी सुरू करायचे हे ठरवण्यासाठी माणसाने मारलेली आहे, शरीराने नव्हे. १३८ वाला पूर्ण निर्धास्त आणि १४२ वाला आजारी, असे त्यामुळेच समजू नये.

एका घरात राहणारे सारखेच मीठ खातात, सारखेच कर्ज डोक्यावर वागवतात. मग घरातल्या सगळ्यांचा दाब वाढलेला असेल तर दोष रक्ताचा की चुलीचा? १९७० च्या दशकात कॅनडातील मॉन्ट्रिअल शहरात दत्तक मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला. आईवडिलांचा दाब आणि त्यांच्या पोटच्या मुलांचा दाब यांत स्पष्ट नाते दिसले. त्याच घरात वाढलेल्या दत्तक मुलांत ते जवळजवळ दिसले नाही. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या दाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के वाटा वारशाचा असल्याचे निघते. या आकड्याचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. तो एखाद्या माणसाच्या दाबाचा हिशेब नाही. ‘माझा निम्मा बीपी वडिलांचा’ असे त्यावरून म्हणता येत नाही. एका समाजात लोकांचे दाब एकमेकांपासून का वेगळे आहेत, त्याचा तो हिशेब आहे.

चुलीचा वाटाही खोटा नाही. नवरा-बायकोचे रक्ताचे नाते नसते. तरीही २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारतातल्या प्रौढ जोडप्यांच्या अभ्यासात भारतातल्या जवळपास २० टक्के जोडप्यांत दोघांनाही उच्च रक्तदाब होता, आणि नवऱ्याला असेल तर बायकोलाही असण्याची शक्यता वाढलेली होती.

जनुके एकेक करून शोधण्याचे काम गेल्या दोन दशकांत झपाट्याने झाले. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवरून रक्तदाबाशी जोडलेल्या जागांची संख्या ९०० च्या वर गेली. २०२४ च्या तेवढ्याच मोठ्या विश्लेषणात दोन हजारांहून जास्त स्वतंत्र खुणा नोंदल्या गेल्या. यातली जवळपास प्रत्येक खूण दाब मिलिमीटरच्या अंशानेच हलवते. पण सगळ्यांची बेरीज केली, तर सर्वाधिक धोक्याचा वारसा असलेला दहावा हिस्सा आणि सर्वांत कमी धोक्याचा दहावा हिस्सा यांच्या वरच्या दाबात सरासरी १७ मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. तो लहान नाही. एका गोळीने साधारण जेवढा दाब उतरतो, त्याहून तो जास्त आहे.

या अभ्यासांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत, त्यामुळे त्यावरून बेतलेले गुण भारतीय माणसाला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. २०१५ मध्ये युरोपीय, पूर्व आशियाई आणि दक्षिण आशियाई अशा तीन लाखांहून अधिक लोकांवरचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८० हून अधिक भारतीय समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली केली. भारतीय वारशाचा हिशेब भारतीय माहितीवर मांडण्याचा पाया त्यातून तयार झाला आहे. आजच्या घडीला मात्र उंद्रीच्या माणसाने पैसे मोजून जनुक-तपासणी करून घेण्यात काही हशील नाही. आई-वडिलांना कोणत्या वयात बीपी लागला, हा फुकटचा प्रश्न अधिक उपयोगी आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ११६० माजी वैद्यकीय विद्यार्थ्यांचा पन्नासहून अधिक वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांच्या आई आणि वडील दोघांनाही ५५ वर्षांच्या आत उच्च रक्तदाब झाला होता, त्यांना तो होण्याची शक्यता इतरांच्या सहा पटींच्या घरात गेली. म्हातारपणी लागलेला बीपी आणि चाळिशीत लागलेला बीपी हे वारसा म्हणून सारखे नाहीत.

काही विरळ घराण्यांत एकाच जनुकाच्या बिघाडाने तरुणपणीच दाब चढतो. १९६३ साली ग्रँट लिडल यांनी वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार त्यांपैकी एक. अशा विकारांची जनुके १९९० च्या दशकात रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली, तेव्हा एक समान धागा हाती लागला: ती सगळी मूत्रपिंडात मीठ किती परत शोषायचे आणि किती बाहेर टाकायचे, या कामाशी निगडित निघाली. पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार हाच आहे. दाबाचा वारसा हा मोठ्या प्रमाणावर मीठ धरून ठेवण्याचा वारसा आहे. जोडीला रक्तवाहिन्या किती आक्रसतात आणि मज्जातंतूंच्या इशाऱ्याला हृदय किती उसळते, याचा.

ताण शरीरात कसा उतरतो

बैल अचानक अंगावर आला, तर माणसाचे हृदय धडधडते, हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब क्षणात २०-३० ने चढतो आणि धोका टळला की उतरतो. यात बिघडलेले काही नाही. जीव वाचवण्याची ही जुनी सोय आहे. मेंदूतून निघालेला इशारा अनुकंपी मज्जासंस्थेमार्फत हृदय, धमन्या आणि अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो, ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन रक्तात येतात. थोड्या संथ गतीने दुसरी साखळी सुरू होते: हायपोथॅलॅमस, पियुषिका, अधिवृक्क ग्रंथी, आणि शेवटी कॉर्टिसॉल.

याच मज्जातंतूंचा एक फाटा मूत्रपिंडाला जातो, आणि खरी मेख तिथे आहे. इशारा मिळताच मूत्रपिंड रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, ते धमन्या आवळते आणि अल्डोस्टेरॉन स्रवायला लावते. अल्डोस्टेरॉन मीठ राखून ठेवते, मिठामागे पाणी येते. जखम होऊन रक्त वाहण्याची शक्यता असते तेव्हा हे सगळे उपकारक आहे. पण इशारा बँकेच्या नोटिशीने दिला असेल, तर तो तासाभरात संपत नाही. महिनोन्‌महिने तो हलक्या आवाजात चालू राहतो. वारंवार वाढणाऱ्या दाबाला तोंड देता देता लहान धमन्यांच्या भिंती जाड होतात, त्यांचा पोकळ भाग अरुंद होतो, आणि मग मन शांत असतानाही दाब पूर्वीच्या पातळीवर येत नाही. ताण गेला तरी बीपी राहतो, तो यामुळे.

मज्जातंतूंचा हा वाटा औषधातून सिद्ध होण्यामागे एक मुंबईकर आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयातल्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीपासून केलेल्या गोळ्या देऊन त्यांच्या दाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सर्पगंधा आयुर्वेदाला जुनी ओळखीची. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याबद्दल लिहिले होते. पण जगाचे लक्ष वेधले ते वकिलांच्या नोंदींनी. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरॲड्रिनलिन रिकामे करते. तो साठा संपला की दाब उतरतो, म्हणजे तो साठा दाब वर धरून ठेवत होता. याच औषधाने काही रुग्णांना उदासी येत असल्याच्या नोंदी झाल्या, आणि मेंदूतल्या रसायनांचा मनःस्थितीशी असलेला संबंध शोधायला त्यातून चालना मिळाली. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. भारतीय मातीतल्या एका मुळीने रक्तदाब आणि मन यांचे शास्त्र एकाच वेळी पुढे नेले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असायला हवी. ती वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारशी कुणाला माहीत नाही.

दीर्घकाळच्या ताणाचा माणसांवरचा पुरावा गोळा करणे मात्र अवघड असते, कारण ताण मोजायला पट्टा नाही. इटलीच्या उंब्रिया भागात मारिओ तिमिओ आणि सहकाऱ्यांनी मठात एकांतात राहणाऱ्या १४४ जोगिणींची त्याच भागातल्या १३८ संसारी स्त्रियांशी तुलना केली. सुरुवातीला दोन्ही गटांचे दाब सारखे होते. वीस वर्षांनी संसारी स्त्रियांचे दाब वयाबरोबर वाढले होते. जोगिणींचे जवळपास तिथेच होते. मिठाच्या सेवनात दोन गटांत मोठा फरक आढळला नाही. अर्थात मठ आणि संसार यांत ताणाखेरीजही पुष्कळ काही वेगळे असते, म्हणून हा पुरावा बोलका असला तरी निर्णायक नाही. केनियात पश्चिमेकडची गावे सोडून नैरोबीत आलेल्या लुओ लोकांचा अभ्यास झाला. शहरात येऊन काही महिने होतात न होतात तोच त्यांचे दाब गावकऱ्यांपेक्षा वर गेले. त्यांच्या लघवीत सोडियम जास्त होते आणि नाडीही जलद होती, म्हणजे मीठ आणि मज्जासंस्था दोघांनीही हातभार लावला होता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या, तोवर रक्तदाब नसलेल्या ४१२ जणांच्या लघवीतली ताणाची संप्रेरके मोजून त्यांचा सरासरी साडेसहा वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास आला. ज्यांची पातळी दुप्पट, त्यांना उच्च रक्तदाब होण्याची शक्यता २१ ते ३१ टक्क्यांनी अधिक होती. हे संबंध खरे आहेत, पण मीठ, वजन, दारू आणि वय यांच्या तुलनेत ताणाचा स्वतंत्र पुरावा अजून पातळ आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

दोन्ही एकत्र आले की

ताण सगळ्यांनाच असतो. दाब सगळ्यांचाच वाढत नाही. मधला दुवा १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाने दाखवला. अमेरिकेत कॅथलीन लाइट आणि सहकाऱ्यांनी तरुणांना ठरावीक पाणी आणि मीठ दिले, आणि मग तासभर चुरशीची बौद्धिक कामे करायला लावली. काहींच्या आईवडिलांना उच्च रक्तदाब होता किंवा त्यांचा स्वतःचा दाब सीमारेषेवर होता. काहींच्या बाबतीत असे काही नव्हते. दुसऱ्या गटाच्या मूत्रपिंडांनी मीठ नेहमीसारखे बाहेर टाकले. पहिल्या गटातल्या मुलांनी ते अडवून धरले, आणि ज्यांची नाडी ताणाने अधिक उसळली त्यांच्यात हे अधिक ठळक होते. ताण दोघांना सारखाच मिळाला होता. त्याचा मिठाशी हिशेब कसा लावायचा, हे वारशाने ठरवले.

याच गटाने १९९९ मध्ये शंभरावर पुरुषांची दहा वर्षांनंतरची स्थिती मांडली. विद्यार्थिदशेत ताणाला जोरदार प्रतिसाद देणाऱ्यांचे दाब पुढे वाढलेले निघाले ते घरात उच्च रक्तदाब असेल तर, आणि त्यातही रोजचे जगणे ताणाचे असेल तर सर्वाधिक. प्रतिसाद, वारसा आणि परिस्थिती यांतला एकच घटक असलेल्यांत तसा परिणाम दिसला नाही. प्राण्यांतही हेच आढळते. जपानमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ साली आपोआप दाब वाढणाऱ्या उंदरांची जात तयार केली. तिचा सामान्य जातीशी संकर केला, तर पिल्लांचा दाब सीमारेषेवर राहतो. या पिल्लांना स्वस्थ वाढू दिले तर ती तिथेच राहतात, आणि आठवडेच्या आठवडे ताणाखाली ठेवले तर कायमची उच्च रक्तदाबी होतात. माणूस उंदीर नव्हे. पण ‘घराण्यात आहे’ म्हणजे ‘होणारच’ नव्हे, हे एवढ्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जन्माआधीचा हिशेब

महाराष्ट्रापुरता आणखी एक धागा महत्त्वाचा आहे, आणि तो पुण्यातून आला. तिथल्या केईएम रुग्णालयात १९८० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली. १९९९ मध्ये आशिष बावडेकर, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष दिले: जन्मतः कमी वजनाची आणि आठव्या वर्षी मोठी झालेली मुले हृदयरोगाच्या धोक्यात सर्वांत पुढे होती, त्यांत वरचा रक्तदाबही आला. डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा जो अभ्यास चालवला, त्यातून अंगाने बारीक पण चरबी धरून ठेवणारे भारतीय बाळ जगापुढे आले. गर्भात उपासमार झाली तर मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या कमी राहते, आणि कमी गाळण्यांवर मोठेपणी मिठाचा भार पडतो. वारसा म्हणून जे पुढे येते त्यात जनुकांबरोबर आईच्या पोटातले नऊ महिनेही असतात, आणि त्या नऊ महिन्यांत घरात दुष्काळ असेल तर तोही.

कोरडवाहू ताण

पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याचा ताण अमूर्त नाही. त्याला तारखा आणि रकमा आहेत. पेरणीच्या आधी पीककर्ज, ते पुरले नाही की कृषी केंद्राची उधारी, त्यावर सावकार, आणि मार्चअखेरची परतफेड. घाटावर सोयाबीन, तूर, कापूस, मागून हरभरा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव त्याखाली राहिला. घरातल्या बाईला वेगळा हप्ता असतो, बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा, आणि तो आठवड्याने येतो. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्ध्याबरोबर त्यात बुलढाणा होता. आत्महत्येचे आकडे दरवर्षी छापून येतात. तोच ताण ज्यांचा जीव घेत नाही, पण ज्यांच्या धमन्या वीस वर्षे आवळून ठेवतो, त्यांची मोजदाद होत नाही.

त्यात झोपेचा प्रश्न आहे. निरोगी माणसाचा दाब रात्री दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी खाली येतो. धमन्यांना तेवढाच विसावा. ज्यांच्यात हा उतार येत नाही, त्यांना पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. शेतीपंपाला वीज रात्रीची असेल, तर हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस थंडीत मध्यरात्री शेतात उभा राहतो, साप-विंचवाची भीती वेगळीच. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. ही मागणी सोयीची म्हणून मांडली जाते. ती आरोग्याचीही आहे.

ताणाचा आणखी एक मार्ग जिभेवरून जातो. तंबाखू, दारू, वेळी-अवेळी जेवण आणि भाकरीबरोबर ठेचा, लोणचे, पापड. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम मिठाची आहे. भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास खातो. मीठ धरून ठेवणारे मूत्रपिंड ज्याच्या वाट्याला वारशाने आले, त्याला हे तीन ग्रॅम इतरांपेक्षा महाग पडतात.

शेवट कुठे होतो, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे होते आणि मृत्यूच्या कारणांत तोच पहिला होता. गावात त्याला लकवा म्हणतात आणि तो अचानक मारतो असे मानतात. त्यामागे बहुधा कित्येक वर्षांचा न मोजलेला दाब असतो.

मोजणी आणि गोळी

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई घरोघर जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात हे दोन्ही धागे आहेत. पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर आणि व्यायाम यांच्याबरोबर घरात कुणाला उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, हे विचारले जाते आणि त्याला गुण असतात. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे. शेवटच्या भागात मनाचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे किती दिवस झाले, आणि उदास, निराश वाटले असे किती. चांगल्या हातांत हा कागद फार मोलाचा आहे. मात्र मनाच्या उत्तरांचा हिशेब वेगळा होतो आणि घराण्याच्या उत्तराचा वेगळा. आईला लकवा झालेला, आणि दोन आठवडे झोप नाही, असा चाळिशीतला माणूस दोन्ही रकान्यांत मिळून दिसायला हवा. त्याचा पट्टा सर्वांत आधी बांधला जावा.

पट्टा बांधण्यातही पुष्कळ चुकते. माणूस चालत आलेला असतो, रांगेत बोलत असतो, बाही वर सरकवलेली असते आणि हात खाली लोंबत असतो. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही, मोजताना गप्प, आणि मिनिटभराने दुसरी मोजणी. डॉक्टरसमोर वाढणारा आणि घरी नीट असणारा दाब असतो, तसाच दवाखान्यात नीट आणि शेतात वाढणारा दाबही असतो. ताणाखाली जगणाऱ्यांत दुसरा प्रकार सहज सुटतो, म्हणून घरी किंवा उपकेंद्रात वेगवेगळ्या वेळी मोजणे बरे.

‘टेन्शनचा बीपी’ या समजुतीने सर्वांत मोठे नुकसान गोळीच्या बाबतीत होते. डोके दुखले, चिडचिड झाली की गोळी घ्यायची, बरे वाटले की सोडायची. वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही, त्यामुळे बरे वाटणे ही त्याची खूण नाही. दाब घराण्यातून आलेला असो की परिस्थितीने, गोळी त्याच धमन्यांवर आणि त्याच मूत्रपिंडावर काम करते. अम्लोडिपिन धमन्या सैल करते, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवते, क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर टाकायला लावते. वर वर्णन केलेल्या साखळीची ही तीन कुलुपे आहेत. ठरलेल्या क्रमाने हीच औषधे, गावाजवळ आणि महिनाभराची एकदम, ही पद्धत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने २०१८ पासून राबवली. महाराष्ट्रात तिची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत झाली, आणि २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

वारसा बदलता येत नाही, पण त्याच्यावरचा भार बदलतो. ब्रिटनमधल्या पावणेतीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीत, जनुकीय धोका कमी, मध्यम किंवा जास्त असो, नीट राहणाऱ्यांचा वरचा दाब त्याच गटातल्या इतरांपेक्षा चार-पाच मिलिमीटरने कमी होता. चीनच्या ६०० खेड्यांत साध्या मिठाऐवजी चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये हा निष्कर्ष आला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. ध्यान, प्राणायाम, योग यांनी दाब थोडा उतरतो, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करण्याइतका नाही.

आणि ताणावर उपाय गावातच करता येतो, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने दाखवले. ३० गावांत अठरा महिने स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलणे सुरू केले, गावातल्याच माणसांना समुपदेशन शिकवले आणि गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ने हा अहवाल छापला. या प्रकल्पात रक्तदाब मोजला गेला नव्हता. पण उदास माणूस बीपीची गोळी नियमित घेत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प आशांच्या सर्वेक्षणातून आणि १०४ क्रमांकाच्या दूरध्वनीवरून याच दिशेने काम करतो. उपकेंद्रातली बीपीची नोंदवही आणि ‘प्रेरणा’ची यादी एकाच टेबलावर आली, तर चिखली तालुक्यातल्या एका उपकेंद्राला हे काम नव्या खर्चाशिवाय सुरू करता येईल.